वॉर्डमधला पहिला मृत्यू: नर्सिंग स्टुडंटने स्वतःला कसं सांभाळायचं

नर्सिंगला येताना रक्त, जखमा, वास, नाइट ड्युटी या सगळ्याची थोडीफार तयारी मनात झालेली असते, पण सकाळी ज्यांचं बीपी घेतलं, ज्यांना कूस बदलून दिली, ते पेशंट दुपारी नसतील याची तयारी कोणाचीच झालेली नसते. आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतंच, कोणाला पहिल्याच पोस्टिंगला, कोणाला शेवटच्या वर्षी आयसीयूत. सिनियर्सकडून तेव्हा बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, 'मन घट्ट कर, होईल सवय.' सल्ला मायेने दिलेला असतो पण मला तो अर्धवट वाटतो. सवय कामाची होते, कुठलं फॉर्म भरायचं, कोणाला फोन करायचा, बॉडी कशी तयार करायची याची. माणूस जाण्याची सवय होत नाही, आणि ती करून घ्यायच्या नादात काही जणी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचंच सोडतात, मग त्यांची नर्सिंगही कोरडी होते आणि त्यांचं स्वतःचंही काही हलकं होत नाही.

तर मन घट्ट करण्यापेक्षा तयारी करा. तयारी म्हणजे काय दिसेल ते आधीच माहीत असणं, त्या वेळी हाताला काहीतरी काम असणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्युटी संपल्यानंतरच्या तासांचं काय करायचं हे ठरलेलं असणं, कारण त्या तासांबद्दल सिलॅबसमध्ये फारसं काही नसतं आणि खरा त्रास तिथेच होतो.

शेवटच्या तासांत काय दिसतं

आधी हेच का सांगतेय तर भीतीतला मोठा भाग अचानक काहीतरी दिसण्याचा असतो, मृत्यूचा नसतो.

श्वासापासून सुरुवात करू. चेन-स्टोक्स ब्रीदिंग पुस्तकात दोन ओळींत असतं, पण बेडशेजारी उभं राहून बघणं वेगळं. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होत होत थांबतोच, दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त, तुम्ही घड्याळाकडे बघत उभ्या, नातेवाईक तुमच्याकडे बघत उभे, आणि मग एकदम पुन्हा सुरू. असं कितीतरी वेळा होऊ शकतं आणि प्रत्येक वेळी वाटतं की संपलं. हे माहीत असलं तर तुम्ही घाबरून धावत सुटत नाही, शांतपणे सिस्टरना सांगता आणि नातेवाइकांनाही सांगू शकता की शेवटी शेवटी श्वास असाच होतो.

घशातली घरघर हा दुसरा धक्का. पेशंटला गिळता आणि खोकता येत नाही म्हणून लाळ, कफ घशात साठतो आणि श्वासाबरोबर वाजतो. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस गुदमरतोय. पण या टप्प्यावर पेशंट बहुतेक वेळा बेशुद्ध असतो आणि त्याला त्याचा त्रास होत असेल असं वाटत नाही, त्रास आजूबाजूच्यांना होतो. कुशीवर वळवलं, डोकं थोडं वर घेतलं की आवाज कमी होतो, सारखं सारखं सक्शन करून, म्हणजे नळीने कफ ओढून, मात्र फारसा फायदा होत नाही.

गुडघ्यांवर आणि पावलांवर जांभळट जाळीदार चट्टे येतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, खाणंपिणं थांबतं. यातल्या शेवटच्या गोष्टीवर स्टुडंट फार अडकतात, 'आपण यांना उपाशी ठेवलंय' असं वाटून रात्रभर झोप लागत नाही. शरीर बंद व्हायला लागलं की भूक-तहानही जाते, जबरदस्तीने पाजलं तर उलट ठसका लागून छातीत जाण्याचा धोका. तोंड कोरडं पडू न देणं, ओल्या स्वॅबने पुसत राहणं, ओठांना काहीतरी लावणं, ही त्या वेळची सेवा आहे आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आणि बोलत राहा. 2020 साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हँकुव्हरमधल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या काळातल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या केंद्रात, शेवटच्या तासांत असलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटचे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचे आलेख, काढले तेव्हा काहींच्या मेंदूने आवाजाला निरोगी तरुण माणसांसारखाच प्रतिसाद दिला. त्यांना शब्द कळत होते का हे त्यातून सिद्ध होत नाही, पण 'आजी, मी तुमची कूस बदलतेय हं' एवढं सांगून हात लावायला हे कारण पुरेसं आहे.

आता मृत्यूनंतरचं, कारण हे फार कमी जण आधी सांगतात. बॉडी कुशीवर वळवताना फुफ्फुसात राहिलेली हवा बाहेर येते आणि कण्हल्यासारखा किंवा उसासा टाकल्यासारखा आवाज होतो. हे माहीत नसलेली मुलगी किंचाळते, पळते, आणि मग कित्येक दिवस 'ते जिवंत होते आणि आम्ही गुंडाळलं' हा विचार डोक्यातून जात नाही. ती फक्त हवा असते. डोळे पूर्ण मिटतीलच असं नाही, जबडा उघडा राहतो, लघवी-शौच होऊ शकते, शरीराच्या खालच्या बाजूला रक्त उतरून जांभळेपणा येतो. काही तासांत ताठरपणा यायला लागतो, म्हणून कवळी बसवणं, डोळे मिटणं, हातपाय सरळ करणं लवकर करायचं असतं. आणि हो, माणूस अपेक्षेपेक्षा जड लागतो, एकटीने उचलायला-वळवायला जाऊ नका.

सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न, वेगळं. तिथे गर्दी असते, आवाज असतो, छाती दाबताना फासळ्या मोडल्याचं हाताला जाणवू शकतं आणि हे बरोबर दाबतानाही होतं. टीव्हीवर बघून वाटतं सीपीआर दिला की माणूस उठून बसतो, प्रत्यक्षात हॉस्पिटलमध्ये हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण चारात एक किंवा त्याहूनही कमी घरी जातात, हॉस्पिटलबाहेर तर आणखी कमी. म्हणजे तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी बहुतेक वेळा पेशंट वाचणार नाही. हा आकडा पहिल्या कोड ब्लूच्या, म्हणजे हृदय बंद पडल्याच्या इमर्जन्सी कॉलच्या, आधी डोक्यात असू दे, नंतर कळून उपयोग नाही.

त्या वेळी ड्युटीवर असताना

पेशंट गंभीर आहे असं ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये कळलं की लगेच सिस्टरना किंवा ट्यूटरना सांगा, 'मॅडम, मी आजपर्यंत डेथ बघितलेली नाही.' एवढंच वाक्य. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ते सांगितलं की बहुतेक सिस्टर तुम्हाला सोबत घेतात, एकटीला बेडशेजारी सोडत नाहीत. न सांगता धीट असल्याचं दाखवलं तर त्यांना कळणार तरी कसं.

हाताला काम मागून घ्या. नुसतं भिंतीला टेकून बघत उभं राहणं सगळ्यात वाईट, बघितलेलं सगळं आत साठतं आणि वर आपण काहीच केलं नाही ही टोचणी. पडदा ओढणं, नातेवाइकांना खुर्ची देणं, सीपीआरमध्ये वेळ लिहिणं, तोंड पुसणं, काहीही छोटं. चक्कर येतेय असं वाटलं तर गुडघे ताठ ठेवू नका, सरळ खाली बसा, कोणी हसणार नाही, आणि कोणी हसलंच तर ते त्यांचं वागणं चुकीचं. घशाशी आलं असेल तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, लांब सोडा, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू दे. तरी नाही जमलं तर 'मी दोन मिनिटं बाहेर जाऊन येते' असं सांगून जा, न सांगता गायब होऊ नका.

रडू आलं तर? मला विचाराल तर डोळ्यांत पाणी येण्यात काहीही वाईट नाही, नातेवाइकांना त्यातून कळतं की आपलं माणूस कोणाच्या तरी लेखी माणूस होतं. सीमा एवढीच की त्यांनी तुम्हाला सावरायची वेळ येऊ नये. हुंदके यायला लागले तर बाहेर जा. मुलांना हे जास्त अवघड जातं कारण त्यांना लगेच 'तू काय रडतोस' ऐकावं लागतं, त्यामुळे बॅचमधल्या मुलांना कोणीतरी मुद्दाम विचारायला हवं, ते स्वतःहून सांगणार नाहीत.

नातेवाइकांना मृत्यूची बातमी देणं हे तुमचं काम नाही, ते डॉक्टर आणि सिनियर स्टाफचं. तुम्हाला कोणी थेट विचारलं, 'गेले का हो?' तर 'मी डॉक्टरांना बोलावते' म्हणा आणि खरंच बोलावून आणा. नंतर त्यांच्याजवळ थांबताना शहाणपणाचं काही बोलायची गरज नसते. 'सुटले बिचारे', 'वय झालंच होतं', 'मी समजू शकते' ही वाक्यं तोंडावर येतात, ती गिळा. 'मी इथेच आहे', 'तुम्हाला त्यांच्याजवळ थोडा वेळ बसायचंय का?' एवढं पुरतं. त्यांच्या घरात, धर्मात काही करायची पद्धत असेल तर बॉडी तयार करण्याआधी विचारून घ्या.

शेवटची सेवा, म्हणजे बॉडी पुसणं, लाइन-कॅथेटर अशा शरीरातल्या नळ्या काढणं (पोस्टमॉर्टेमची केस असेल तर काढायचं नसतं, आधी विचारा), केस विंचरणं, चादर बदलणं, हे टाळू नका असं मी प्रत्येक स्टुडंटला सांगते. ऐकायला विचित्र वाटेल पण जी मुलं अनुभवी सिस्टरबरोबर हे शेवटपर्यंत करतात त्यांना नंतर त्या पेशंटची आठवण धडपडीची आणि मशीनच्या आवाजाची येत नाही, पुसलेल्या शांत चेहऱ्याची येते. करताना त्यांच्याशी नावाने बोला, 'आजोबा, आता हात पुसतेय.' अनुभवी सिस्टर हे करतात ते बघितलं असेल, ती वेडेपणाची गोष्ट नाही. व्हर्जिनिया हेंडरसनची नर्सिंगची जी व्याख्या आपण परीक्षेसाठी पाठ करतो त्यात बरं होण्याबरोबर शांत मृत्यूला मदत करणं हेही लिहिलेलं आहे, म्हणजे पेशंट गेला तिथे आपलं काम फसलं असं नाही, हेही आपलंच काम.

आणखी एक सोपी गोष्ट. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधले इमर्जन्सी नर्स जोनाथन बार्टल्स यांनी मृत्यूनंतर टीमने थोडा वेळ शांत उभं राहायची पद्धत सुरू केली, तिला 'द पॉज' म्हणतात आणि ती पुढे बऱ्याच देशांत गेली. प्रार्थना नाही, भाषण नाही, कोणीतरी म्हणतं की हा कोणाचा तरी माणूस होता, आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, जरा थांबूया, आणि सगळे मिनिटभरसुद्धा नाही इतकं थांबतात. तुमच्या वॉर्डात ही पद्धत नसेल तरी पडद्याआड एकटीने करता येते.

ड्युटी संपल्यावर

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

युनिफॉर्म बदलून बाहेर पडलं की तीन-चार प्रकार होतात. काहींना खूप रडू येतं. काहींना काहीच होत नाही आणि मग त्याचंच टेन्शन येतं, 'मी दगड आहे का?' काहींना उगाच चिडचिड होते, आईच्या फोनवर ओरडतात. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी हँडरबच्या वासाने किंवा मॉनिटरच्या बीपने एकदम सगळं आठवतं. हे सगळं नॉर्मल आहे, सुन्न होणंसुद्धा, शरीर त्या वेळेपुरतं दार लावून घेतं.

बोलायला एक माणूस आधीपासून ठरवून ठेवा, आज, काही व्हायच्या आधी. शक्यतो वॉर्ड माहीत असलेला, बॅचमेट, सिनियर, ट्यूटर. घरच्यांशी बोला पण ते घाबरतात आणि 'सोड ते नर्सिंग' म्हणतात, म्हणून त्यांच्याशी बोलताना आधीच सांगायचं, 'मला सल्ला नकोय, फक्त ऐक.' हे वाक्य खूप कामाचं आहे. पेशंटचं नाव, बेड नंबर, निदान, ओळख पटेल असं काहीही बोलण्यात आणू नका, स्टेटसला आणि ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, अगदी 'आज एक जीव वाचवू शकले नाही' असली पोस्टसुद्धा नको, नातेवाइकांच्या नजरेस ती पडू शकते.

बोलताना नुसतं 'खूप वाईट वाटलं' वर थांबू नका, नेमकं काय डोळ्यांसमोर येतंय ते सांगा. बहुतेक वेळा अख्खा मृत्यू त्रास देत नसतो, एक तुकडा देत असतो, मुलीने बापाच्या पायात मोजे घातले ते, किंवा उशीखाली सापडलेला चष्मा, किंवा मॉनिटर बंद केल्यानंतर अचानक झालेली शांतता. तो तुकडा शब्दांत आला की पुढचं आपोआप येतं. बोलता येत नसेल तर लिहा, नाव न लिहिता, आणि नको असेल तर फाडून टाका.

पण उलटी बाजूही ऐका. तुमची इच्छा नसताना सगळ्यांसमोर बसवून 'सांग काय झालं, काय वाटलं' असं एकदाच खोदून काढणं, ज्याला डिब्रीफिंग म्हणून पूर्वी सगळीकडे करायचे, त्याचा मानसिक त्रास टाळायला फायदा होत नाही, काही जणांना उलट त्रास होतो असं संशोधनात दिसलंय. त्यामुळे 'मला आत्ता नाही बोलायचं, उद्या बोलते' हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बोलायची जागा उघडी असावी, सक्ती नसावी.

मग जेवा. भूक नसली तरी थोडं. अंघोळ करा, झोपा, मोबाइलवर त्या आजाराबद्दल रात्री दोनपर्यंत वाचत बसू नका. आणि त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या जोकवर हसू आलं तर अपराधी वाटून घेऊ नका. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेलं एक मॉडेल आहे, त्यात सांगितलंय की माणूस दुःखाकडे जातो आणि दुःखापासून दूर रोजच्या जगण्याकडे येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि ही ये-जाच सावरायला मदत करते. म्हणजे हसणं हा त्या सावरण्याचाच भाग. पाच पायऱ्यांचं मॉडेल, नकार, राग वगैरे, जे कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलं, ते मुळात मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या पेशंटशी बोलून मांडलेलं होतं. ते स्वतःला लावून 'मी अजून तिसऱ्या पायरीवर का?' असं मोजत बसू नका, कोणीच त्या क्रमाने जात नाही.

'आपला कोण होता तो, एवढं काय वाईट वाटून घ्यायचं' असं कोणी म्हटलं तर मनाला लागतं. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत त्याला केनेथ डोका यांनी 1989 मध्ये नाव दिलं, डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ, आणि नर्सचं पेशंटसाठीचं दुःख अगदी त्यात बसतं. चार दिवस ज्यांना भरवलं, ज्यांनी तुमच्या लग्नाची चौकशी केली, त्यांच्या जाण्याने वाईट वाटायला नातं लागत नाही.

'माझ्यामुळे झालं का?'

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक स्टुडंटला पडतो. बीपी घ्यायला दहा मिनिटं उशीर झाला, कूस बदलली आणि लगेच गेले, मी पाणी पाजलं होतं. हा प्रश्न मनात ठेवून घरी जाऊ नका, तो मनात वाढत जातो. ट्यूटरकडे जा आणि घटना क्रमाने सांगा, मी अमुक वाजता हे केलं, मग हे दिसलं, मृत्यू कशाने झाला ते मला समजावून सांगा. 'नाही गं, तुझी काही चूक नाही' अशा समजुतीने शांतता मिळत नाही, कारण कळल्यावर मिळते. शेवटच्या अवस्थेतला पेशंट कूस बदलल्यावर गेला तर तो कूस बदलल्यामुळे गेला असं नसतं, तो तेव्हा जाणारच होता आणि तुम्ही जवळ होता. आणि खरंच काही राहून गेलं असेल तर तेही सांगा, कारण ते कळलं तरच पुढच्या पेशंटसाठी काही बदलता येतं आणि वर्षभर एकटीने ओझं वाहावं लागत नाही.

पेशंटच्या वेदना नीट कमी केल्या जात नव्हत्या, किंवा काही उपयोग नसताना एकेक उपचार चालूच होते आणि आपण काही बोलू शकलो नाही, याची घुसमट वेगळी असते. ती दुःखापेक्षा रागासारखी वाटते. तीही ट्यूटरशी बोला, त्यातून पेन मॅनेजमेंट, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणारी काळजी) शिकायची इच्छा झाली तर फारच छान. आधुनिक हॉस्पिस ज्यांच्यामुळे उभं राहिलं त्या सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, नंतर सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, घरच्यांची, श्रद्धेचीही असते हे त्यांनी मांडलं.

काही मृत्यू जास्त जड जातात

लहान बाळ, आपल्याच वयाचा मुलगा, आत्महत्या, बाळंतपणातला मृत्यू, किंवा ज्यांच्याशी खूप गप्पा झाल्या होत्या ते पेशंट. यातून सावरायला जास्त वेळ लागणार हे गृहीत धरा. आणि अलीकडेच तुमच्या घरात कोणी गेलं असेल तर त्याच प्रकारच्या वॉर्डात पोस्टिंग लागण्याआधी ट्यूटरना सांगा. वडील कॅन्सरने गेल्यावर लगेच ऑन्कोलॉजीला उभं राहणं काहींना जमतं, काहींना नाही. पोस्टिंग पुढेमागे करता येते का हे विचारण्यात कामचुकारपणा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच बेडवर नवीन पेशंट असतो आणि ते बघून पोटात गोळा येतो. पहिल्या भेटीत त्यांचं नाव विचारा, त्यांच्याबद्दल कामाव्यतिरिक्त एखादी गोष्ट विचारा, म्हणजे बेड नंबरऐवजी माणूस दिसायला लागतो.

मदत कधी घ्यायची

पहिले काही दिवस झोप बिघडणं, सारखं आठवणं चालतं. दोन-तीन आठवडे झाले तरी रोज तेच चित्र दिसतंय, स्वप्नं पडतायत, ड्युटीच्या आदल्या रात्री पोट बिघडतंय, तो वॉर्ड टाळण्यासाठी खोटं सांगितलं जातंय, कशातच मन लागत नाही, झोपेच्या गोळ्या किंवा दारूकडे हात जातोय, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जा. स्वतःला संपवण्याचा विचार आला तर एक दिवसही थांबू नका, त्याच क्षणी कोणालातरी सांगा आणि एकट्या राहू नका. वॉर्डातली औषधं आपल्या हाताशी असतात, म्हणून हे जास्त गांभीर्याने घ्यायचं. काउन्सेलरकडे काय बोलायचं सुचत नसेल तर एवढं म्हटलं तरी चालतं, 'माझ्या पेशंटचा मृत्यू झाला आणि तेव्हापासून मला हे हे होतंय.'

आणि बॅचमेटच्या ड्युटीत डेथ झाली असं कळलं तर 'कशी आहेस?' विचारून उत्तराची वाट न बघता निघून जाऊ नका, त्याला सगळ्या 'बरी आहे' म्हणतात. 'आज तुझ्या वॉर्डात डेथ झाली असं कळलं, जेवायला सोबत जाऊया' असं म्हणा, तिचा फाइलचा राहिलेला भाग पूर्ण करायला मदत करा, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारा, कारण तोपर्यंत बाकी सगळे विसरलेले असतात.